डिझेल एक्झिक्युटिव्ह मोटारी : प्रमाणपत्रावरील आकडा आणि रस्त्यावरील सरासरी

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ ते ५० किलोमीटर अंतरावर, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, आंध्र प्रदेशच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे तालुक्याचे ठिकाण आहे. सिपकॉट या राज्य सरकारी संस्थेची औद्योगिक वसाहत, पोलादाचे कारखाने आणि चेन्नई सेंट्रलहून येणारी उपनगरी रेल्वे यांमुळे हे गाव महानगराशी जोडले गेले आहे. गावाजवळून चेन्नई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी तो क्रमांक ५ म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक १६ आहे.

चेन्नईहून मोटारीने गुम्मिडिपूंडीला जाणाऱ्यास एकाच फेरीत दोन प्रकारच्या रस्त्यांचा अनुभव येतो. आरंभी शहरातील सिग्नल, गर्दी आणि बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर वाहनांच्या रांगा. माधवरम व रेड हिल्स मागे पडल्यावर सपाट आणि रुंद महामार्ग. मोटारीच्या माहितीपत्रकात छापलेला इंधनाचा आकडा आणि प्रत्यक्षातील खर्च यांत अंतर का पडते, हे समजून घेण्यास असा मार्ग उपयुक्त ठरतो. विशेषतः २००१ ते २०२० या काळात भारतीय मध्यमवर्गाच्या आकांक्षेचा विषय ठरलेल्या डिझेल एक्झिक्युटिव्ह मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या मोटारींपैकी अनेक आज जुन्या वाहनांच्या बाजारात आहेत आणि त्यांच्या खरेदीचा निर्णय बहुधा याच एका आकड्यावर घेतला जातो.

एक्झिक्युटिव्ह मोटार म्हणजे काय?

भारतीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, मोटारींचे वर्गीकरण लांबीनुसार केले होते. त्यात ४,००१ ते ४,५०० मिलिमीटर लांबीच्या मोटारी मध्यम, ४,५०१ ते ४,७०० मिलिमीटरच्या एक्झिक्युटिव्ह आणि त्यापुढील ५,००० मिलिमीटरपर्यंतच्या प्रीमियम गटात गणल्या जात. व्यवहारात मात्र ग्राहक लांबीपेक्षा किंमत, इंजिनाची ताकद आणि आतील सोयी पाहून हा शब्द वापरीत.

या गटात डिझेलला प्रतिष्ठा मिळवून देण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. स्कोडा कंपनीने २००१ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शेंद्रा वसाहतीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. तिचे १.९ लिटरचे टीडीआय इंजिन ९० अश्वशक्तीचे होते. तोवर डिझेल मोटार म्हणजे आवाज, धूर आणि टॅक्सी अशीच बहुतेकांची समजूत होती. हे इंजिन मोठ्या मोटारीलाही काटकसरीने चालवू शकते, हे ऑक्टाव्हियाने दाखवून दिले. पुढे लॉरा आणि फोक्सवॅगन जेट्टा याही मोटारींची जुळणी शेंद्र्यातच झाली.

चेन्नईचे योगदानही मोठे आहे. श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंडाई, मरैमलैनगर येथे फोर्ड आणि महिंद्रा वर्ल्ड सिटीत बीएमडब्ल्यू असे कारखाने या महानगराच्या परिसरात उभे राहिले. बीएमडब्ल्यूचा कारखाना मार्च २००७ मध्ये सुरू झाला आणि तेथे ३ सिरीज मोटारींची जुळणी होऊ लागली. फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि २०२२ मध्ये मरैमलैनगर येथील काम थांबले.

डिझेल कमी का लागते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. यामुळे दाबाचे प्रमाण पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच अधिक ठेवता येते आणि इंधनातील उष्णतेचा अधिक भाग चाकांपर्यंत पोहोचतो. शिवाय पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवण्यासाठी हवेची वाट अडवावी लागते. डिझेलमध्ये केवळ इंधनाचे प्रमाण कमी केले जाते. त्यामुळे गर्दीत, कमी भारावर चालताना डिझेलचा फायदा ठळकपणे जाणवतो.

याला आणखी एक कारण आहे व ते पुष्कळदा दुर्लक्षित राहते. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. म्हणजे 'लिटरला इतके किलोमीटर' या मापात डिझेलला मिळणारी आघाडी काही अंशी इंजिनाची नसून इंधनाची आहे. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६ किलो, तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

कॉमन रेल तंत्राने या इंजिनांचे रूप पालटले. सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन पुरविले जाते आणि संगणक एका आवर्तनात अनेक वेळा सूक्ष्म फवारे सोडतो. यामुळे खडखडाट कमी झाला. फोक्सवॅगन समूहाने काही वर्षे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र पंप-इंजेक्टर वापरला व नंतर तोही कॉमन रेलकडे वळला.

पुण्यातील चाचणी

भारतात मोटारीच्या जाहिरातीतील इंधनाचा आकडा बहुधा 'एआरएआय प्रमाणित' असतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. पुण्यात कोथरूडजवळील वेताळ टेकडीवर तिचे मुख्यालय आहे. चेन्नईजवळ ओरगडम येथेही नंतर राष्ट्रीय पातळीवरील चाचणी केंद्र उभारण्यात आले.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. मोटार प्रयोगशाळेत रोलरवर उभी केली जाते आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसार चालविली जाते. या वेळापत्रकास सुधारित भारतीय चालन चक्र म्हणतात. ते युरोपातील जुन्या चक्रावर आधारलेले आहे. त्याची एकूण मुदत १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी असते. शहरी भाग चार वेळा चालविला जातो आणि त्यानंतर शहराबाहेरील भाग येतो. युरोपीय चक्रात कमाल वेग ताशी १२० किलोमीटर होता. भारतीय चक्रात तो ताशी ९० किलोमीटर ठेवण्यात आला. खर्च झालेले इंधन टाकीत मोजले जात नाही. धुरातील कार्बनच्या प्रमाणावरून ते काढले जाते.

या पद्धतीचा हेतू दोन मोटारींची समान अटींवर तुलना करणे हा आहे. एखाद्या मालकाला त्याच्या रस्त्यावर किती इंधन लागेल हे सांगणे हा तिचा हेतू नाही. चाचणीत वातानुकूलन यंत्र बंद असते, वेग हळूहळू वाढविला जातो, वारा नसतो, चढ नसतो आणि पुढे अचानक रिक्षा येत नाही. साहजिकच येथे मिळणारा आकडा वरच्या मर्यादेजवळचा असतो.

काही मोटारींचे प्रमाणित आकडे पुढीलप्रमाणे होते. टोयोटा कोरोला ऑल्टिसच्या १.४ लिटर डिझेल मोटारीसाठी लिटरमागे २१.४३ किलोमीटर, २०१२ साली आलेल्या ह्युंडाई एलांट्राच्या १.६ लिटर डिझेल मोटारीसाठी हाताच्या गिअरसह २२.७ आणि स्वयंचलित गिअरसह १९.५ किलोमीटर, फोक्सवॅगन जेट्टाच्या २ लिटर मोटारीसाठी अनुक्रमे १९.३३ आणि १६.९६ किलोमीटर. इंजिन जितके लहान तितका आकडा मोठा आणि स्वयंचलित गिअरमुळे त्यात घट, हा क्रम या आकड्यांतून दिसतो. असा क्रम बहुधा रस्त्यावरही टिकून राहतो. आकडे मात्र खाली येतात.

रस्त्यावर काय बदलते?

पहिली गोष्ट म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला तर हा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. १२० किलोमीटर ठेवला तर तो सव्वादोन पट होतो. गुम्मिडिपूंडीच्या मार्गासारख्या सपाट महामार्गावर चालकाचा उजवा पाय हाच इंधनखर्चाचा सर्वांत मोठा नियामक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हवामान. चेन्नईत मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते आणि हवा दमट असते. तेथे वातानुकूलन यंत्र बंद ठेवून प्रवास करणे शक्य नसते. महामार्गावर या यंत्राचा भार फारसा जाणवत नाही. परंतु वाहन उभे असताना किंवा रांगेत सरकत असताना इंजिन जवळजवळ केवळ या यंत्रासाठीच चालते आणि तेवढ्या वेळात एकही किलोमीटर पदरात पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चढ. चेन्नई ते गुम्मिडिपूंडी या किनारी पट्ट्यात तो जवळजवळ नाही. मुंबईहून पुण्याकडे येताना मात्र मोटारीला लोणावळ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर उंची गाठावी लागते. प्रवाशांसह दीड टन वजनाची मोटार एवढ्या उंचीवर नेण्यासाठी, इंधनातील एक तृतीयांश ऊर्जाच कामी येते असे धरल्यास, केवळ चढासाठी सुमारे पाऊण लिटर डिझेल लागते. त्यामुळे चेन्नईतील मालकाचा अनुभव पुण्यातील मालकास जसाच्या तसा लागू पडत नाही.

याशिवाय टायरमधील हवेचा दाब, प्रवाशांची संख्या, हवेच्या फिल्टरची स्थिती, क्लचवर पाय ठेवून चालविण्याची सवय आणि इंधनाची शुद्धता यांचाही परिणाम होतो.

सरासरी कशी काढावी?

मराठी बोलीत 'गाडी किती ॲव्हरेज देते' असे विचारले जाते. हे ॲव्हरेज काढण्याची भरवशाची पद्धत म्हणजे टाकी पूर्ण भरणे, अंतराची नोंद करणे, किमान चारशे-पाचशे किलोमीटर चालविणे आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर, पुन्हा टाकी पूर्ण भरणे. चाललेले अंतर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे उत्तर. उदाहरणार्थ, ४२० किलोमीटरनंतर २५ लिटर इंधन बसले तर सरासरी १६.८ किलोमीटर होते. एका भरण्यावर विसंबून न राहता तीन-चार वेळची बेरीज घ्यावी. समोरच्या पटलावर संगणक दाखवितो तो आकडा अंदाजित असतो. तो तुलनेसाठी घ्यावा, हिशेबासाठी नव्हे.

येथे एक चूक सर्रास होते. शहरात लिटरला १२ आणि महामार्गावर २० किलोमीटर मिळत असतील, तर समान अंतरासाठी सरासरी १६ असे समजले जाते. प्रत्यक्षात १०० किलोमीटरपैकी ५० किलोमीटर शहरात धरल्यास ४.१७ लिटर आणि महामार्गावर २.५ लिटर, असे ६.६७ लिटर लागतात आणि सरासरी १५ येते. चेन्नई-गुम्मिडिपूंडी या पन्नास किलोमीटरच्या फेरीत १५ किलोमीटर शहरातील गर्दीचे व ३५ किलोमीटर महामार्गाचे धरले आणि दोन्ही ठिकाणचे आकडे ११ व २० मानले, तर सरासरी सुमारे १६ भरते. अंतराच्या एक तृतीयांशाहूनही कमी असलेला शहरी भाग चार किलोमीटरचे नुकसान करतो, असा याचा अर्थ होतो.

सोयी आणि सुविधा

केवळ इंधनाची काटकसर हे या मोटारींच्या लोकप्रियतेचे कारण नव्हते. टर्बोचार्जरमुळे कमी फेऱ्यांवरही भरपूर ओढ मिळे. जेट्टाच्या २ लिटर इंजिनाची ओढ ३२० न्यूटन मीटर होती; शेव्हरले क्रूझचे इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. महामार्गावर मालमोटारीला ओलांडताना या ताकदीचा उपयोग होई. मात्र टर्बो जागा होण्यापूर्वीची क्षणभराची सुस्ती गर्दीत त्रासदायक ठरे.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मोटारींत दोन क्लचचा सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळे. एलांट्राच्या वरच्या श्रेणीत सहा एअरबॅग आणि समोरच्या आसनांत हवा खेळविण्याची सोय होती. चाके अडकू न देणारे ब्रेक, मागील प्रवाशांसाठी वातानुकूलनाची झरोकी, वेग स्थिर ठेवणारी क्रूझ यंत्रणा या गोष्टी याच गटातून हळूहळू लहान मोटारींपर्यंत पोहोचल्या. पन्नास-पंचावन्न लिटरची टाकी आणि पंधरा-सोळाची सरासरी यांमुळे एकदा इंधन भरल्यावर सातशे-आठशे किलोमीटरचा पल्ला गाठता येई.

या सोयींची दुसरी बाजू देखभालीची आहे. इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बोचार्जर, दुहेरी फ्लायव्हील आणि दोन क्लचचा गिअरबॉक्स हे भाग महाग आहेत. जुनी मोटार घेताना लिटरमागे मिळणाऱ्या दोन किलोमीटरांपेक्षा यांपैकी एका भागाची स्थिती अधिक महत्त्वाची ठरू शकते.

डिझेलचे गणित कसे बदलले?

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोलचा दर लिटरला ७३.१८ रुपयांवर गेला, तेव्हा डिझेल ४०.९१ रुपयांना मिळत होते. सरकारी नियंत्रणामुळे राहिलेली ही तफावत मोठ्या डिझेल मोटारींच्या खपाचे प्रमुख कारण ठरली. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. शेतकरी आणि मालवाहतुकीसाठी स्वस्त ठेवलेल्या इंधनाचा लाभ महागड्या मोटारींच्या मालकांना मिळतो, अशी टीका तेव्हा होत असे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये, तर डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त करण्यात आले.

समजा, डिझेल मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा दीड लाख रुपयांनी महाग आहे आणि त्यांची रस्त्यावरील सरासरी अनुक्रमे १७ आणि १२ किलोमीटर आहे. २०१२ च्या वरील दरांनी पेट्रोलवर किलोमीटरमागे ६.१० रुपये आणि डिझेलवर २.४१ रुपये खर्च येई. जादा किंमत सुमारे ४१ हजार किलोमीटरमध्ये वसूल होई. पेट्रोल १०० आणि डिझेल ९२ रुपये धरल्यास हे खर्च ८.३३ आणि ५.४१ रुपये होतात आणि वसुलीस सुमारे ५१ हजार किलोमीटर लागतात. रोज गुम्मिडिपूंडीला जाऊन येणारा, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर चालविणारा मालक दोन वर्षांच्या आत तेथे पोहोचतो. शहरात महिन्याला पाचशे किलोमीटर चालविणाऱ्यास त्याच गणिताला आठ वर्षांहून अधिक काळ लागतो आणि तोवर देखभालीचा जादा खर्च ही बचत खाऊन टाकतो.

धुराचा प्रश्न

डिझेलच्या काटकसरीची किंमत हवेला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत चाचणी ओळखून धूर कमी दाखविणारी संगणकप्रणाली असल्याचे जाहीर केले. एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतातही फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील वास्तव यांतील अंतर केवळ मायलेजपुरते नाही, हे या प्रकरणाने दाखविले.

त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २,००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीवर बंदी घातली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित उपकराच्या अटीवर ती उठविण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके देशभर लागू झाली. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणीही बंधनकारक झाली.

ही मानके पाळण्यासाठी काजळी अडविणारा फिल्टर आणि इतर उपकरणे बसवावी लागतात. फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन काही काळ सलग वेगाने चालावे लागते. त्यामुळे रोज महामार्गावर जाणाऱ्या मोटारीचा फिल्टर आपोआप स्वच्छ होतो. केवळ शहरात, लहान फेऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीत तो तुंबण्याचा धोका असतो. खर्च वाढल्याने मारुती सुझुकी, स्कोडा आणि फोक्सवॅगन यांनी २०२० मध्ये भारतात डिझेल मोटारी बंद केल्या. ऑल्टिस, एलांट्रा, जेट्टा आणि क्रूझ यांपैकी एकही मोटार आता भारतात नवी मिळत नाही.

खरेदीदाराने काय पाहावे?

जुनी डिझेल एक्झिक्युटिव्ह मोटार घेणाऱ्याने प्रथम आपला मार्ग पाहावा व मगच प्रमाणपत्रावरील आकडा. महिन्याचे अंतर किती, त्यात महामार्गाचा वाटा किती आणि मोटार किती वर्षे वापरायची, या तीन प्रश्नांची उत्तरे निर्णायक असतात. मोटार कोणत्या मानकाची आहे आणि किती वर्षांची आहे हेही तपासावे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांबाबत दिल्ली परिसरात न्यायालयीन आदेश झालेले आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू करून आवाज आणि धूर पाहावा, सेवा-नोंदवही मागावी आणि शक्य असल्यास टाकी भरून स्वतः सरासरी काढावी.

रोज गुम्मिडिपूंडीसारख्या अंतरावर जाणाऱ्याला सुस्थितीतील डिझेल मोटार आजही काटकसरीची ठरू शकते. शहराच्या वेशीच्या आतच फिरणाऱ्यास मात्र प्रमाणपत्रावरील बावीस किलोमीटर कधी दिसत नाहीत आणि डिझेलसाठी मोजलेली जादा किंमतही सहसा परत मिळत नाही.